मावशींचा अबोला (बाळ सांभाळणाऱ्या बाईंशी कसं जमवायचं?)

निळीछत्री (११ मार्च, रात्री १०:५०)

बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. लेक ११ महिन्यांची. नवरा सातपूर एमआयडीसीत, शिफ्ट ड्यूटी. मी बँकेत. २६ आठवडे बाळंतपणाची रजा आणि तिला जोडून दोन महिने बिनपगारी, असं करत डिसेंबरात रुजू झाले. सासूबाई येवल्याहून येऊन राहिल्यात, पण त्यांचे गुडघे धरतात. रांगणाऱ्या पोरीमागे धावणं त्यांना जमत नाही, म्हणून मावशी ठेवल्या.

मावशी पंचेचाळिशीच्या, मूळच्या पेठच्या पुढच्या. आता म्हसरूळला राहतात, निमाणीला बस बदलून येतात. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, रविवार सुट्टी, १३,००० पगार. बाईला पोरं कळतात. माझी लेक माझ्याकडे झोपायला अर्धा तास घेते, त्यांच्या खांद्यावर पाच मिनिटांत गार.

आता झालं काय, ते सांगते. गेल्या गुरुवारी पिंपळगावच्या ओळखीच्यांकडून द्राक्षांची पेटी आली. मी बाथरूममधून बाहेर येते तो लेक खोकतेय, डोळ्यांत पाणी, मावशी तिची पाठ चोळतायत. खोकल्याबरोबर अख्खं द्राक्ष बाहेर पडलं. माझा तोलच गेला. ‘अक्कल आहे का तुम्हाला, लहान पोरीला अख्खं द्राक्ष देतात का’, असं आणि पुढे आणखी बरंच. समोर सासूबाई, दारात वाटी परत द्यायला आलेली शेजारीण.

मावशी एक अक्षर बोलल्या नाहीत. फरशीवर पडलेलं द्राक्ष उचललं, पुसून घेतलं.

तेव्हापासून काम चोख आणि तोंडाला कुलूप. आधी मी घरात पाऊल टाकलं की सुरू व्हायच्या: आज दोनदा शी केली, ‘काका’ म्हणाली, कावळ्याला म्हणाली बरं का, काकांना नाही. आता ‘हो ताई’, ‘नाही ताई’, ‘येते ताई’. दुपारी आमच्यात जेवायच्या, आता घरून डबा आणतात. मला तो डबा फार लागतोय.

दुसरी बाई बघू का? की हे सांधता येईल? कसं?

सातपूरकर (११ मार्च, रात्री ११:१५)

आधी हे सांगा, पोरगी ठीक आहे ना? मग बाकीचं. मार्चात नाशकात घरोघरी पेट्या येतात, आमच्याकडे सध्या दोन पडल्यात. उद्या सकाळीच बायकोला वाचून दाखवतो.

फोडणीचीपोळी (१२ मार्च, सकाळी ७:०५)

दुसरी बाई बघायचा विषयच काढू नका. पाच मिनिटांत पोरगी झोपवणारी बाई नाशकात काय, कुठेच सहज मिळत नाही.

डबा आणणं म्हणजे काय ते तुम्हाला कळलंय, म्हणून तर तो लागतोय. चारचौघांत बोललात, तर माफीही चारचौघांत मागायची. स्वयंपाकघरात हळूच ‘सॉरी हं मावशी’ केलंत तर ते तुमच्या मनाचं समाधान. शेजारणीला चहाला बोलवा हवं तर.

आणि अक्कल काढलीत त्याचीच माफी मागा, द्राक्षाची नाही. द्राक्ष चूकच होतं. ही दोन खाती वेगळी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी काही सांगायची तुम्हालाच चोरी होईल.

सरळसोट (१२ मार्च, सकाळी ९:३०)

मला यात माफीचं काही दिसत नाही. जिवावर बेतलं होतं. आई ओरडणार नाही तर कोण? पगार देता, काम घेता. आमच्या कंपनीत सुपरवायझर रोज यापेक्षा वाईट बोलतो, आम्ही घरून डबा आणतच असतो.

फोडणीचीपोळी (१२ मार्च, सकाळी ९:४२)

@सरळसोट, तुमचा सुपरवायझर स्वतःचं पोर दहा तास तुमच्या हाती सोपवून जातो का?

पांढराएप्रन (१२ मार्च, दुपारी २:२०)

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. नात्यागोत्याचं इतर लोक सांगतील, मी द्राक्षाचं सांगते, कारण ते राहूनच जातं.

अख्खं द्राक्ष गोल आणि गुळगुळीत असतं. बाळाच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी ते बुचासारखं बसतं. द्यायचंच तर उभं चिरून चार फोडी करा, बी असेल तर काढा. आडवं कापलं तर पुन्हा गोल चकतीच होते. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न चार वर्षांपर्यंत नकोच.

बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोच उत्तम उपाय. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आत जाते. खोकला थांबला, आवाज फुटेना, ओठ निळे पडू लागले तर बाळ हाताच्या कोपरापर्यंतच्या भागावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या तळव्यात. दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ ठोके. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून हेच. दुसऱ्या कुणीतरी लगेच १०८ लावायचा. हे एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी, मोठ्या मुलांची पद्धत वेगळी.

तुमच्या मावशींनी पाठ चोळली, घशात बोट घातलं नाही. तेवढं तरी त्यांच्या खात्यावर जमा करा. आणि हे तिघींनी एकत्र शिका. एकट्या मावशींना शिकवलंत तर ती शिक्षा वाटेल.

निळीछत्री (१२ मार्च, रात्री ११:३०)

सगळ्यांना धन्यवाद. लेक मजेत आहे, आज तिने माझा चष्मा तोडला.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. खरं तर लपवली होती. हॉलमध्ये कॅमेरा आहे. मावशींना तो दिसतो, पण मी कधी नीट सांगितलं नाही. त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा ‘चोरांसाठी आहे’ म्हणून मोकळी झाले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी बघत असते.

पांढराएप्रन, तुमचा प्रतिसाद वाचून मी गुरुवारचं रेकॉर्डिंग काढलं. मावशींनी नक्की काय केलं ते बघायचं होतं. तर मावशी द्राक्ष चाकूने कापतच होत्या. ताटलीत फोडी दिसतायत. सासूबाई पलंगावरून म्हणतात, ‘अहो, द्या की एखादं अख्खं, हातात धरून खेळेल, काय होतंय!’ मावशी म्हणतात, ‘ताईंनी नको सांगितलंय.’ सासूबाई म्हणतात, ‘मी तीन वाढवलीत.’ मग मावशी देतात.

मी ओरडत होते तेव्हा त्या दोघी तिथेच होत्या. दोघींनीही हे सांगितलं नाही. सासूबाईंचं समजू शकते. पण मावशींनी का नाही सांगितलं?

झोप येत नाहीये.

लिंबाचीसावली (१३ मार्च, रात्री १२:४०)

मी इथे फारशी लिहीत नाही. तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवेना.

माझी आई कॉलेज रोडच्या घरांतून मुलं सांभाळायची. १४ वर्षं. शेवटच्या घरी एकाच मुलाजवळ पाच वर्षं होती. तुमच्या मावशी का बोलल्या नाहीत ते मी सांगते. बोलल्या असत्या तर सुनेसमोर सासूचं नाव घेणारी बाई ठरल्या असत्या. रात्री तुमच्या दोघींचं वाजलं असतं, चार दिवसांनी मिटलं असतं, आणि पाचव्या दिवशी दोघींना मिळून ‘ही बाई आगलावी’ वाटली असती. आई म्हणायची, घरात दोन मालकिणी असल्या की आपण बहिरं व्हायचं. ऐकू एकीचं गेलं तरी पंचाईत, दोघींचं गेलं तरी पंचाईत.

तुम्ही विचारताय नातं कसं जपायचं. आईला काय लागायचं ते सांगते, त्यावरून बघा.

वेगळा कप. तो असायचाच, सिंकच्या कडेला, कान तुटलेला. त्याचं तिला पुढे पुढे काही वाटेनासं झालं. मला वाटायचं. ‘आमच्या घरच्यासारख्याच आहेत’ असं पाहुण्यांना सांगायचे, पण घरचे गावाला गेले की त्या दिवसांचा पगार कापायचे. तिच्या सुट्टीने काम बंद राहिलं तर कापणं एकवेळ समजतं, यांच्या सुट्टीने राहिलं तर का? संध्याकाळी सातची वेळ असायची, मॅडम पावणेआठला यायच्या. ट्रॅफिक असतं, मान्य. पण मी आणि भाऊ घरी कुलूप लावलेल्या दारासमोर बसलेलो असायचो, हे त्या पाच वर्षांत एकदाही त्यांच्या लक्षात आलं नाही. दुष्ट नव्हत्या हो. दिवाळीला मला नवा ड्रेस द्यायच्या, मापाचा, मुद्दाम विचारून.

आणि शेवट. मुलगा पूर्ण वेळ शाळेत जायला लागला तेव्हा महिनाअखेरीला पाकीट हातात दिलं आणि ‘उद्यापासून नाही आलात तरी चालेल’ म्हणाल्या. मुलाला सांगितलं होतं की मावशी गावाला गेल्या. आईला निरोपही घेऊ दिला नाही, तो रडेल म्हणून.

तो आता बारावीला असेल. मला नाही माहीत, आईला माहीत आहे. दर जूनला ती हिशेब करते.

हिशेबनीस (१३ मार्च, सकाळी ८:१५)

वरच्या प्रतिसादानंतर रुक्ष लिहायला कसंतरी वाटतंय, पण लिहितो. यातलं निम्मं कागदावर आलं असतं तर टळलं असतं.

आमच्याकडे जुळी. तीन वर्षांत तीन बाया झाल्या, तिसऱ्या टिकल्या, कारण तिसऱ्यांदा आम्ही अर्धं पान लिहिलं. वेळ काय. उशीर झाला तर तासाला किती जादा. आठवड्याची सुट्टी. वर्षाला किती दिवस भरपगारी. आम्ही गावाला गेलो तर पूर्ण पगार. दिवाळीला एक पगार. दरवर्षी वाढ कोणत्या महिन्यात. आणि काम म्हणजे काय: मुलांचं सगळं, मुलांची भांडी, मुलांचे कपडे. आमची भांडी नाहीत. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ‘बाळ झोपलंय तर जरा कणीक मळता का’ इथून घसरगुंडी सुरू होते. तीन महिन्यांनी बाई स्वयंपाक करतेय आणि बाळ टीव्हीसमोर.

त्यांचं गावाकडचं वर्षही विचारून घ्या. पेठकडच्या म्हणता, म्हणजे जुलैत भाताची आवणी (लावणी) आलीच. त्या दिवसांत गावात माणूस मिळत नाही, त्या जाणारच. मार्चात विचारलंत तर तुम्हाला रजा टाकता येते. जुलैत कळलं तर ‘बाई दांडी मारते’ म्हणाल. चैत्रात सप्तशृंगी गडाची यात्रा तशीच.

पगार शक्यतो खात्यात. आमच्या ताई ‘नको, लाडकी बहीण बंद होईल’ म्हणून घाबरत होत्या. त्याची अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं अशी आहे. १३,००० महिना म्हणजे वर्षाला १,५६,०००. नवऱ्याची कमाई धरून किती होतं ते त्यांच्याबरोबर बसून मोजा. परस्पर ठरवू नका, पैसे त्यांचे आहेत.

खातं असेल तर त्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपये (अपघात, २ लाख, वय १८ ते ७०) आणि जीवन ज्योती ४३६ रुपये (मृत्यू, २ लाख, प्रवेश वय १८ ते ५०). दोन्ही मिळून ४५६. एका पिझ्झात बसतं, ते आपण भरायचं. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना नोंदणी करता येते. कामगार कार्यालयात अर्ज, त्याला मालकाचा दाखला जोडावा लागतो. तिथे मालक म्हणजे तुम्ही. तो दाखला द्यायला लोक कां कू करतात, का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सरळसोट (१३ मार्च, सकाळी १०:०५)

लिंबाचीसावली, तुमचं वाचलं. माझा सुपरवायझरवाला प्रतिसाद मागे घेतो.

पण उचलीचं कोणी बोलत नाही. आम्ही १५,००० दिले होते, पोराच्या ॲडमिशनला. पुढच्या महिन्यात बाई गायब. फोन बंद.

हिशेबनीस (१३ मार्च, सकाळी १०:३०)

उचल एका पगाराच्या वर द्यायची नाही, आणि महिन्याला किती कापायची ते देतानाच दोघांनी ठरवायचं. सगळा पगार कापला तर माणूस पळतोच, त्याला दुसऱ्या घरी रोख मिळते. आम्ही २,००० कापायचो. फिटली सगळी.

मखमलाबादी (१३ मार्च, दुपारी १:००)

कॅमेऱ्यावर कोणीच बोललं नाही? कॅमेरा असू द्या, पण सांगून. चोरांसाठी आहे म्हणून सांगायचं आणि तिच्यावरच रोखायचा, म्हणजे मग चोर कोण झालं? एका वाक्याचं काम आहे: ‘मावशी, मला ऑफिसात पोरीची आठवण येते, मी यात बघत असते.’ खरं पण आहे ते.

(अवांतर: पिंपळगावची पेटी कितीला पडली?)

सातपूरकर (१३ मार्च, दुपारी १:१२)

धागा द्राक्षांच्या भावावर नेऊ नका, इथून मिसळीवर जायला दोन प्रतिसाद लागतात.

निळीछत्री (२१ मार्च, रात्री १०:००)

उशिरा लिहितेय, होळीची गडबड होती.

आधी सासूबाईंशी बोलले. रेकॉर्डिंग दाखवलं नाही. नवरा म्हणाला दाखव, पण ते मला पंचनामा केल्यासारखं वाटलं. फक्त म्हटलं, आई, त्या दिवशी मावशी द्राक्ष कापत होत्या हे मला कळलंय. त्या खूप वेळ गुडघ्याला तेल लावत बसल्या. मग म्हणाल्या, ‘मला वाटलं तू मलाही तसंच बोलशील.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोललेच असते.

शनिवारी शेजारणीला बोलावलं. चहा झाल्यावर मी मावशींना म्हटलं, त्या दिवशी तुमची अक्कल काढली, ते चुकलं माझं. मावशी म्हणाल्या, ‘जाऊ द्या ताई, पोरीपायी बोललात.’ इतकंच. मी आपली हिंदी सिरियलसारखं काहीतरी होईल म्हणून बसलेली. सासूबाईच मधे म्हणाल्या, ‘मीच सांगितलं होतं त्यांना द्यायला.’ शेजारीण बिस्किट बुडवायची थांबली.

मग पांढराएप्रन यांच्या सांगण्यावरून बाहुली आणली. डायनिंग टेबलाशी आम्ही तिघी, बाहुली हातावर पालथी, पाठीत ठोके. सासूबाईंचे ठोके इतके हळू की मावशी म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही थोपटताय, ती झोपंल.’ आठवडाभरात पहिल्यांदा त्या स्वतःहून काही बोलल्या. माझ्या लेकीला आपली आई-आजी-मावशी बाहुली का बडवतायत ते कळेना, तिने भोकाड पसरलं.

मधाचं आणि गुटीचंही ठरलं. वर्षाच्या आत मध अजिबात नाही हे डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. माझ्याकडून ऐकलं नसतं. गुटी बंद. मालिश आणि टाळूवर तेल सासूबाई सांगतील तसं, त्यात मी पडायचं नाही. खाणं, औषध, झोप माझ्या शब्दाने. मावशींना म्हटलं, दोघींचं वेगळं निघालं तर सरळ मला फोन लावायचा, तुम्ही निवाडा करायचा नाही.

कॅमेऱ्याचं सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. ‘दिवा लागतो ना ताई त्याचा, तुम्ही बघता तवा.’ मग गेले तीन महिने दुपारी एक वाजता त्या लेकीला कॅमेऱ्यासमोर का आणून बसवायच्या ते मला कळलं.

डबा अजून आणतात.

लिंबाचीसावली (२१ मार्च, रात्री १०:४५)

आणू द्या. त्याबद्दल काही बोलू नका.

निळीछत्री (१७ जुलै, रात्री ९:२०)

धागा वर काढते, दोघातिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून.

मावशी आवणीला गेल्यात, १० दिवस. मार्चातच ठरलं होतं, मी रजा टाकून ठेवली. पावसाने आवणी दोन दिवस पुढे गेली तर माझीही रजा पुढे गेली. साहेबांना ‘भात लावायचाय’ सांगितलं, ते बघतच राहिले. लेक दार वाजलं की ‘माशी’ म्हणत धावते. मावशींच्या गावात शाळेच्या मागच्या टेकाडावरच रेंज येते, तिथून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतात. चिखलाचे पाय आधी, मग तोंड.

डब्याचं विचारलंत. एप्रिलमध्ये केव्हातरी थांबला. कोणत्या दिवशी ते माझ्या लक्षातच आलं नाही. आता कधीतरी नागलीच्या भाकरी आणतात, पण त्या सासूबाईंसाठी, त्यांनी मागितल्यात म्हणून.

अर्ध्या पानाचा नमुना काय होता असंही विचारलंय. हिशेबनीस यांनी वर लिहिलंय तोच, आकडे आमचे. वाचून दाखवला तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘सगळं माझंच लिवलंय, तुमचं पण लिवा.’ त्यांनी सांगितलं ते शेवटी घातलं: ताईंना उशीर होणार असेल तर सहा वाजता फोन करावा. गेल्या महिन्यात दोनदा विसरले. दोन्ही वेळा मावशी चपला घालून दारात उभ्या होत्या, लेक कडेवर, आणि मी लिफ्टमधून बाहेर पडायच्या आत त्यांचं सुरू झालं होतं.

सातपूरकर (१७ जुलै, रात्री ९:५०)

हे कलम आमच्या कागदातही आहे. आमच्या मावशी तर पहिल्यांदा कलम दाखवतात, मग पोर देतात.